शुभेच्छुक नसलेलं चित्र

तुमच्या अंगावर शेवटचा गुलाल पडला तेव्हा तो कुणाचा होता, आणि टाकणाऱ्यानं तुम्हाला आधी विचारलं होतं का?

गंमत म्हणून विचारत नाही. आमच्या मंगळवार पेठेत परवापासून किराणा दुकानांच्या पायऱ्यांवर गुलालाची पोती येऊन पडली आहेत. मतदान व्हायचंय, मोजणी त्याहून लांब आहे, पण पोती आली. कोण जिंकणार हे दुकानदाराला माहीत नाही आणि त्याचं त्याला सोयरसुतकही नाही. एका पोत्याची शिवण उसवलीय आणि सकाळी दूध आणायला जाणाऱ्यांच्या चपलांचे गुलाबी ठसे चौकापर्यंत गेलेत. अजून कुणी जिंकलेलं नाही आणि रस्ता मात्र विजयी होऊन बसलाय.

कोल्हापुरात गुलाल हा रंग नसतो, निकाल असतो. 'गुलाल कुणाचा?' असं कुणी विचारलं की जिंकलं कोण, असं समजायचं. 'गुलाल आपलाच' असं कुणी म्हणालं की त्याच्यापासून चार हात लांब राहायचं. हे मला लहानपणीच कळलं होतं. पण त्या गुलालाचा घशाला लागणारा तो कोरडा, गोडसर वास आला की अलीकडे मला एकच हंगाम आठवतो. हंगामच म्हणते मी. उसाचा असतो, आंब्याचा असतो, तसा आमच्याकडे निवडणुकीचा असतो. त्यात जेवणावळी झडतात, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची पातेली रिकामी होतात, इस्त्रीवाल्याकडे पांढऱ्या शर्टांचे ढीग लागतात आणि माणसं एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघायला लागतात.

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. आप्पा, म्हणजे माझे वडील, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कामाला होते आणि उरलेला सगळा वेळ कामगार संघटनेत. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळायचं आणि मग घडी घालायला पत्रकांचा गठ्ठा. ताज्या शाईनं माझी बोटं कायम काळी असायची. 'बंधू-भगिनींनो' हा शब्द मी 'आई' लिहिण्याआधी लिहिला असेल. आप्पांनी मला एकच शिस्त लावली. पत्रक हातात आलं की आधी तळाची ओळ वाचायची. मुद्रक कोण, प्रकाशक कोण. "वरचा मजकूर कुणीबी गोड लिहितंय," आप्पा म्हणायचे, "खाली नाव हाय का बघ. नसंल तर त्यो कागद चुलीत घाल." त्या शिस्तीनं मला वाढवलं आणि त्या शिस्तीनंच मला संशयी केलं. आजही लग्नपत्रिका आली तरी मी आधी तळाला बघते.

शैलाअक्का माझी चुलत बहीण. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर आणि मागं पत्र्याची शेड. शेडमध्ये ती चित्रं करते. 'चित्रं काढते' म्हटलेलं तिला चालत नाही. "काढायला त्यो काय दात हाय?" म्हणते.

या गावात चित्रकार म्हटला की त्यानं रंकाळा रंगवायचा, पंचगंगेचा घाट रंगवायचा, सकाळच्या धुक्यात एक देऊळ दाखवायचं, अशी रीत आहे. अक्कानंही कला महाविद्यालयात असताना पुष्कळ रंकाळे केले. जलरंगात तिचा हात इतका साफ होता की तिचे सर ओल्या कागदावरून नजर हलवत नसत. मग एक दिवस तिनं ते सोडलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "मला रंकाळ्याचा कंटाळा न्हाय आला. रंकाळ्यालाच माझा आला असंल."

तिच्या हातात काय काय मुरलंय हे मी शेजारी राहून बघितलंय. तिची आई अंगण सारवायची, त्या शेणाच्या अर्धगोल फटकाऱ्यांची लय तिच्या मनगटात आहे. कुंभार गल्लीत गणपतीच्या आधी ती तासन्‌तास उभी राहायची. कागदाचा लगदा साच्यात दाबला की सोंडेचं टोक सगळ्यात शेवटी वाळतं, हे तिला तिथं कळलं. जोतिबाच्या डोंगरावर चैत्रात गेलं की पायऱ्या, भिंती, दिवे, माणसांच्या पापण्या सगळं गुलाबी होतं. तिथं, वडिलांच्या खांद्यावर बसून, तिनं पहिल्यांदा रंग बघितला असं ती सांगते. "बाकी सगळं आधी नुसतं दिसत हुतं," ती म्हणते, "रंग त्या दिवशी आला." देवाच्या डोंगरावरचा तो गुलाल आणि चौकातला हा गुलाल, दोन्ही एकाच दुकानातून येतात. अक्काला या गोष्टीनं पछाडलं होतं. मला त्या गोष्टीचा राग येतो.

तो हंगाम सुरू झाला तेव्हा आचारसंहिता लागली आणि पालिकेच्या गाडीनं चौकाचौकांतले फ्लेक्स उतरवले. गोडाऊनमागं त्यांचा डोंगर झाला. वाढदिवसाचे, निवडीचे, अभिनंदनाचे, 'भावी' लिहिलेले. तिथून लोक गोठ्यावर टाकायला, जळण झाकायला फ्लेक्स नेतातच. अक्काही घेऊन आली. तिला पुढची बाजू नको होती, मागची हवी होती, पांढरट, कोरी, काहीही न म्हणणारी.

पण फ्लेक्सला काहीच चिकटत नाही. गव्हाच्या पिठाची खळ लावली, वाळली आणि पापडासारखी सुटून आली. डिंक लावला, त्याचे थेंब झाले. पाऊस आला तर निथळून जावा, धूळ बसली तर वाऱ्यानं उडावी, यासाठीच ते कापड जन्माला घातलेलं आहे.

"नेत्यासारखं," मी म्हणाले.

"त्ये तू पत्रकात लिही," अक्का म्हणाली. "मला ढवळू दे."

शेवटी इचलकरंजीचा मावसभाऊ कामी आला. तिथं मागावर चढवण्याआधी सुताला कांजी देतात. त्या घट्ट कांजीत तिनं चिंचोके दळून घातले, फ्लेक्स आधी खरकागदानं घासला, आणि थर धरला. शेडमध्ये आंबूस वास कोंडला होता. अक्काचे हात कोपरापर्यंत बरबटलेले. तिनं मला नुसतं बोलावलं आणि म्हणाली, "वढून बघ." मी नखानं ओढलं. निघालं नाही. ती अशी हसली की जणू तिचाच गुलाल.

मग तिला लगद्यासाठी कागद हवा होता आणि तिची नजर आमच्या पोटमाळ्याकडे गेली. तिथं आप्पांची जुनी पत्रकं होती. मी भांडले. हे शब्द आहेत, म्हणाले, यातल्या एकेका ओळीसाठी माणसांना कामावरून काढलंय, आणि तू त्याचा लगदा करणार? अक्का म्हणाली, "वाचली कुणी?" आप्पांनी आम्हा दोघींना गप्प केलं. प्रत्येक पत्रकाची एक प्रत त्यांनी ठेवून घेतली आणि बाकी गठ्ठे स्वतः खाली उतरवून दिले. देताना मात्र त्यांनी तळाची ओळ बघितली, सवयीनं.

शिरोलीच्या वाळूवर मात्र आप्पा अडले. फौंड्रीत साच्याला वापरलेली वाळू जळून काळी होते आणि बाहेर ढिगानं पडते. अक्काला ती हवी होती.

"ह्या वाळूनं माणसांच्या छात्या भरल्यात, शैले. तू भिंत सजवाय नेणार?"

"सजवाय न्हाय काका. जड कराय."

"जड कशाला?"

"फ्लेक्स लई हलका असतुया. दोरी कापली की संपला. माझं हलवायचं तर चार माणसं लागली पायजेत."

दुसऱ्या दिवशी आप्पांनीच वाळूची दोन पोती आणली.

मोजणीचा दिवस. दुपारी बाराच्या उन्हात हलगी कडाडत होती आणि जेसीबीच्या दातेरी तोंडातून गुलाल ओतला जात होता. पेठ दिसेनाशी झाली. कुत्री गुलाबी, गटार गुलाबी, दूधकट्ट्यावर उभी, दूध विकणाऱ्या कमळाकाकूंची म्हैस गुलाबी आणि भयंकर चिडलेली. खोकणारी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. त्या धुराळ्यात अक्का झाडू आणि सूप घेऊन रस्ता झाडत होती. जिंकलेल्या बाजूचा संभादा तिला बघून थांबला. संभादा म्हणजे आमच्या चौकातल्या मंडळाचा अध्यक्ष. वयानं अक्काहून लहान, म्हणून अक्काच म्हणतो.

"अक्का, आमचा गुलाल गोळा करतीयास? देव्हाऱ्यात ठेवणार व्हय?"

"पोत्यात ठेवणार."

मग ती शेजारच्या वॉर्डात गेली. तिथं दुसरी बाजू जिंकली होती. तिथलाही गुलाल झाडून तिनं आणला. संभादाला हे कळलं तेव्हा तो शेडच्या दारात आला. दोन्ही बाजूंचा गुलाल एका घरात, हे त्याला बघवत नव्हतं. अक्कानं दोन पोत्यांतून दोन मुठी भरल्या आणि त्याच्यापुढं धरल्या.

"सांग, तुझा कंचा?"

तो खरोखर वाकला. दोन्ही मुठी हुंगल्या. मग उजवीकडची मूठ दाखवून म्हणाला, "ह्यो. आमचा ओळखू येतुय की!"

ती शेजारच्या वॉर्डातली होती. अक्कानं दोन्ही मुठी एकाच घमेल्यात सोडल्या आणि पाणी ओतलं.

चित्र झालं तेव्हा ते दोन पलंगांएवढं होतं. सहा फ्लेक्स एकमेकांना शिवून, मागची बाजू वर करून, लाकडी पट्ट्यांवर ताणलेले. त्यावर लगदा, त्यात काळी वाळू, त्यावर गुलाल. जवळ गेलं की लगद्यातून कुठं 'वेतन', कुठं 'एकजुटीनं', कुठं नुसतंच 'आम्ही' डोकावत होतं. लांबून बघितलं की गर्दी निघून गेल्यावरचा रस्ता. ना त्याची गुंडाळी होत होती, ना घडी. वाकवलं तर थर तडकला असता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि मला ते आवडलं. आवडल्याबरोबर मी तळाला बघितलं.

"अक्का, खाली नाव टाक."

"न्हाय टाकणार."

"निनावी कागद चुलीत घालायचा असतो."

"नाव टाकलं की माझाबी फ्लेक्सच हुतुया बघ."

यावर आमचं आजही एकमत नाही. आप्पांच्या पत्रकाखालचं नाव जबाबदारी घेतं. गुन्हा दाखल झाला तर तो कुणावर, ते सांगतं. फ्लेक्सखाली ओळीनं डोकी असतात आणि त्यावर लिहिलेलं असतं शुभेच्छुक. ती डोकी कसलीच जबाबदारी घेत नाहीत, फक्त वरच्या मोठ्या चेहऱ्याला दिसावं म्हणून तिथं आलेली असतात. दोन्ही नावं तळालाच असतात, म्हणून ती सारखी कशी? असं मी तिला म्हणाले. ती म्हणाली, रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला फरक दिसतो का ते बघू.

चौकात तालमीच्या भिंतीला टेकून फ्लेक्सची लोखंडी चौकट आहे. ती मंडळाची. जिंकलेल्या साहेबांचा अभिनंदनाचा फ्लेक्स छापून यायचा होता, म्हणून चौकट एक दिवस रिकामी होती. अक्कानं ती मागितली. संभादा खुशीत होता, दिली. मंडळाच्याच चौघांनी चित्र उचलून आणलं, वाटेत दोनदा टेकवलं आणि अक्काला शिव्याही दिल्या, आपुलकीच्या.

सकाळी दहापर्यंत चौकात माणसं जमली. चित्र कसं आहे, असं एकानंही विचारलं नाही. सगळे खाली वाकून बघत होते. खाली काहीच नव्हतं.

"शुभेच्छुक कोण हाय?"

"लिवलं न्हाय."

"न्हाय लिवलं म्हंजे कोण तरी मोठा हाय."

"ह्या डाव्या अंगाला बघा. चिन्ह लपीवलंय."

"कुठलं?"

"दिसत न्हाय की. दिसत न्हाय म्हंजेच लपीवलंय!"

एकाला तो पडलेल्या उमेदवाराचा टोमणा वाटला: गुलालात काळं कालवलंय. दुसऱ्याला ती साहेबांची पुढच्या निवडणुकीची गुप्त जाहिरात वाटली. कमळाकाकू दुधाची किटली घेऊन उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "मला तर ह्यात मोजणीदिवशीची आमची म्हस दिसाय लागलीया." अक्का मला हळूच म्हणाली, चित्र बघितलं ते एवढ्या एका बाईनं.

संभादाची खुशी मावळली होती. चौकट मंडळाची, म्हणून लोक आता त्यालाच विचारत होते.

"अक्का, खरं सांग. ह्येच्या मागं कोण हाय?"

"भिंत हाय."

"चेष्टा नगं. लावाय कुणी सांगितलं?"

"मीच."

"तू कुणाची पण?"

"तुझ्या शेजारची."

मग त्यानं मधला मार्ग काढला. खरं तर प्रेमानंच काढला, हे मला मान्य करावं लागेल. खाली मंडळाचं नाव टाकू, शुभेच्छुक म्हणून, कोपऱ्यात साहेबांचा एक बारका फोटो लावू, मग चित्र महिनाभर राहू दे. लोकांचं तोंड बंद होईल. अक्का म्हणाली, महिना नको, ठरलेला एक दिवस दे. मला वाटतं, त्या क्षणी त्याची खात्री झाली. फुकटचा महिना नाकारणाऱ्या माणसाच्या मागं कुणी नाही, यावर या गावात कोण विश्वास ठेवील?

कुणीतरी ओरडलं, "पलटी करून बघा!" आणि चित्र पलटी झालं.

मागं चेहरे होते. अक्कानं शिवताना बघितलंच नव्हतं, जो तुकडा हाताला लागला तो जोडला होता. जिंकलेले साहेब आणि पडलेले साहेब गालाला गाल लावून हसत होते. एकाच्या पोटापाशी दुसऱ्याचे जोडलेले हात आले होते. 'हार्दिक' एकाचं होतं आणि 'भावपूर्ण' दुसऱ्याचं. क्षणभर चौक हसला. मग आपण कुणाला हसलो हे ज्याच्या त्याच्या लक्षात आलं, आणि सगळे एकदम आपापल्या बाजूला गेले. "आमच्या सायबांच्या पोटाला ह्येचं हात?" असा आवाज दोन्हीकडून उठला, अगदी सारखा.

दुपारी एकच्या आत चित्र चौकटीवरून उतरलं. एक दिवसाचं बोलणं होतं, अर्धाही मिळाला नाही. ते तालमीमागच्या मंडळाच्या खोलीत गेलं, मांडवाचे खांब, ढोल आणि गेल्या वर्षीची झुंबरं यांच्या शेजारी. बाहेर कुलूप लागलं.

"जप्त केलंस व्हय रं?" अक्कानं विचारलं.

"जप्त न्हाय अक्का," संभादा म्हणाला. "जपून ठेवलंय."

या एका वाक्यानं मी आजही पेटते. जप्त केलं म्हणाला असता तर मी पत्रक काढलं असतं, आप्पांनी दहा माणसं गोळा केली असती. जपणाऱ्याशी भांडायचं कसं? त्यानंतर अक्का दर थोड्या दिवसांनी विचारत राहिली आणि उत्तर ठरलेलं: निवडणूक होऊन जाऊ दे. पालिकेची झाली तर कारखान्याची आली, मग दूध संघाची, मग सोसायटीची, मग पतसंस्थेची. निवडणूक होऊन गेलीय असा दिवस या जिल्ह्यात उगवतो कधी?

मधे पुण्याहून एक गृहस्थ आले. सभ्य, हळू बोलणारे, खादीचा झब्बा. त्यांनी कुठंतरी या प्रकाराबद्दल ऐकलं होतं. मला वाटलं, चला, कुणीतरी चित्रासाठी आलं. त्यांनी खोलीच्या कुलपाचे पुष्कळ फोटो काढले, अक्काला कुलपाशेजारी उभं केलं, गंभीर व्हायला सांगितलं. चित्रात काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. जाताना म्हणाले, ते आतच राहिलं तर त्याचं म्हणणं जास्त पोचेल. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले नाही. चौकातली माणसं शुभेच्छुक शोधत होती. हे गृहस्थ स्वतःच शुभेच्छुक होऊन आले होते.

अक्का अजून शेडमध्ये असते. पण त्या हंगामानंतर तिनं मोठं काही केलेलं नाही. छोटे तुकडे करते, तळहाताएवढे, आणि फळीवर उलटे ठेवते. परवा मी विचारलं तेव्हा म्हणाली, "एक बाहीर आल्याबिगर दुसरं कशाला आत घालू?" ती हे सहज म्हणाली. मला ते सहज घेता येत नाही. खोलीत गेल्या पावसात ओल आली होती. चिंचोक्याच्या कांजीला बुरशी किती लवकर धरते हे मी शेडमध्ये बघितलंय.

आणि आता पुन्हा पोती आलीत. संभादा यंदा स्वतः उभा आहे. चार दिवसांपूर्वी तो आपणहून अक्काच्या दारात आला. "अक्का, न्या की तुमचं चित्र. रविवारी सकाळी खोली उघडतो. पण टेम्पो गल्लीत शिरत न्हाय, आणि आमची पोरं प्रचारात. माणसं तुमची तुम्ही आणा. चौकातनं न्यायचं, हुबं धरून, राजरोस."

आप्पांनी मला विचारलं, यात तळाची ओळ कुठली? मी ती वाचली आहे. त्याला चित्र परत द्यायचं नसावं, असा माझा संशय आहे. ते उचलायला कोण कोण येतं, हे त्याला मतदानाआधी बघून घ्यायचंय. जो कोपरा धरील त्याच्यावर दुपारपर्यंत शिक्का बसेल, आणि संध्याकाळी त्याच्या घरी कुणीतरी चहाला जाईल. हे अख्ख्या पेठेला कळलंय. म्हणून आमचे सख्खे शेजारी रविवारी नेमके लग्नाला निघालेत. एवढी लग्नं मी या गल्लीत एका मुहूर्तावर कधी बघितली नाहीत. आप्पांची छाती आता वजन उचलू देत नाही.

तेव्हा हे वाचणाऱ्या तुम्हाला सरळ विचारते. रविवारी सकाळी मंगळवार पेठेत या. चित्र आवडलंच पाहिजे असं नाही, आमच्या बाजूचे असायची गरज नाही, आम्हाला बाजू नाहीच. तालमीपासून अक्काच्या शेडपर्यंत अंतर थोडंच आहे, पण वाळू आहे, जड लागेल, आणि वाटेत लोक बघतील. दोन कोपरे अक्का आणि मी धरतो. उरलेले दोन धरायला या.